जुन्या सायकलींची सामुदायिक फेरी काढायची आहे: कोणत्या सायकली घ्याव्यात, पोशाख कोणता ठेवावा?

पुलापलीकडचा (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात कर्वे रस्त्याच्या बाजूला राहणारी आम्ही आठ-दहा माणसे येत्या डिसेंबरातल्या एका रविवारी जुन्या सायकलींची फेरी काढण्याच्या विचारात आहोत. शर्यत नाही, कोणाला बक्षीसही नाही. ज्यांच्या घरी जिन्याखाली किंवा बोळात जुनी सायकल पडून आहे त्यांनी ती झाडून-पुसून बाहेर काढावी, सर्वांनी मिळून सावकाश काही किलोमीटर चालवावी आणि शेवटी एखाद्या अंगणात सायकली ओळीने लावून त्यांच्याविषयी बोलावे, एवढाच बेत आहे.

हे डोक्यात आले ते वडिलांच्या सायकलीमुळे. त्यांची काळी रॅले वीसेक वर्षे जिन्याखाली उभी होती. मागच्या महिन्यात ती बाहेर काढली तेव्हा मडगार्डवरच्या सोनेरी रेघा अजून शाबूत असल्याचे दिसले. सीटखालच्या चामडी पिशवीत पान्यांबरोबर अकरा बिल्लेही निघाले. तरुण वाचकांसाठी सांगतो, सायकलीवर पूर्वी नगरपालिकेचा वार्षिक कर असे, आणि तो भरल्याची खूण म्हणून मिळणारा धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. रात्री दिव्याशिवाय निघालात किंवा डबलसीट सापडलात तर पोलीस अडवत, हे मला आठवत होते. बिल्ल्यांचा मात्र साफ विसर पडला होता.

आमच्यात तीन गोष्टींवर एकमत होत नाही. पहिली म्हणजे ‘जुनी’ सायकल कोणती मानायची, आणि त्यासाठी एखादे वर्ष ठरवावे काय. दुसरी पोशाखाची: काहींना परदेशातल्या फेऱ्यांसारखे लोकरी कोट आणि टोप्या हव्या आहेत, मला ते काहीसे नाटकी वाटते. तिसरी मार्गाची. काही जण शनिवारवाडा, लकडी पूल आणि फर्ग्युसन रस्ता असे सुचवतात, पण त्यात छायाचित्रांपलीकडे काही हाती लागेल असे मला वाटत नाही. शिवाय एका सभासदाचे म्हणणे असे की डिसेंबर कशाला, ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, तोच धरावा. ज्यांनी असे काही केले आहे किंवा पाहिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चाकाचा आउट

जूनचा विषय आधी संपवतो. जुन्या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. हँडलवरचा दांडा दाबला की सळई वर ओढली जाते आणि रबराचे गुटके रिमच्या आतल्या कडेला खालून घासतात. रिम पोलादाची आणि वर चकचकीत मुलामा दिलेली. ती कोरडी असताना हा ब्रेक बरा लागतो, ओली झाली की दांडा हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी सायकल आपली चालतच राहते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात वळवाची सर केव्हा येईल याचा नेम नसतो. पन्नास हौशी माणसे, पन्नास जुने ब्रेक आणि ओला उतार हे गणित मी तरी मांडणार नाही. डिसेंबरच ठेवा.

आता वर्षाचा मुद्दा. युरोपात वर्ष ठरवता येते, कारण तिथे सायकलीचे रूप दर पंधरा-वीस वर्षांनी पालटत गेले. आपल्याकडची काळी सायकल मात्र जवळजवळ थिजल्यासारखी राहिली आहे. कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही सायकल आणली: दोन्ही चाके जवळपास सारखी, पायडल मध्ये आणि साखळी मागच्या चाकाला. त्याआधी उंच चाकाची सायकल होती, तिच्यावरून पडणारा माणूस थेट डोक्यावर पडे. दोन-तीन वर्षांत बेलफास्टला डनलॉपने हवा भरायचा टायर केला आणि सायकलीचा मूळ आराखडा तिथे पुरा झाला. आपल्या आजोबांची रॅले, हर्क्युलिस किंवा बी.एस.ए. ही त्याच वंशातली. पुढे १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टी.आय., १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सुरू झाली तरी दूधवाल्याच्या सायकलीचा सांगाडा तोच राहिला. मी स्वतः १९५० च्या आसपासच्या हर्क्युलिसला गेल्या वर्षी बाजारातून आणलेला २८ × १½ चा टायर चढवला आहे, आणि तो काहीही न घासता-कापता बसला. मग वर्षाची रेघ कुठे मारणार? सळईचे ब्रेक आणि अठ्ठावीस इंची चाक एवढी अट पुरे.

तरीही एखाद्या सायकलीचे वय काढायचेच असेल, आणि तिच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा हब असेल, तर हब रॉकेलने स्वच्छ पुसून भिंगातून पाहा. ‘ए डब्ल्यू’ या अक्षरांजवळ दोन आकडी वर्ष आणि महिना कोरलेला असतो. हब नंतर बदललेला असू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवा.

फेरीच्या आधीच्या रविवारी सर्व सायकली एकत्र बोलावून तपासाच. रंग लावू नका. जुना रंग आणि त्यावरच्या रेघा एकदा गेल्या की परत येत नाहीत. त्याऐवजी कॉटरपिन पाहा. पायडलचा दांडा ॲक्सलला धरून ठेवणारी ही पाचरीसारखी पिन असते. ती झिजली की प्रत्येक फेऱ्याला पायाखाली ‘टक्’ असे जाणवते. बसणाऱ्याला वाटते पायडलच ढिले आहे, म्हणून तो पायडल आवळत बसतो. नवी पिन ठोकून बसवल्यावर चार-पाच किलोमीटर चालवावी आणि नट पुन्हा आवळावा, कारण पहिल्या आवळणीला ती पुरती बसत नाही. त्यानंतर चाकांचा आउट, म्हणजे फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलते तो दोष, काढून घ्या. वाल्व्हवरची रबरी नळी तर प्रत्येकाने नवी घालावीच, कारण ती वर्षानुवर्षे वापराविना राहिली की चिकट होऊन फाटते, आणि मग पंक्चर नसताना हवा जाते. वीतभर नळी खिशात ठेवणारा माणूस त्या दिवशी सर्वांत लोकप्रिय ठरेल.

नॉटिंगहॅमकर

मी मूळचा साताऱ्याचा, गेली चौदा वर्षे नॉटिंगहॅमला आहे. रॅले ही इथलीच. ज्या रस्त्यावर तिचे पहिले लहानसे कारखानावजा दुकान होते त्या रस्त्याचे नाव रॅले, त्यावरून सायकलीचे नाव पडले. इथले उत्पादन २००२ मध्ये थांबले आणि कारखान्याच्या जागेवर आता विद्यापीठाची इमारत उभी आहे, तेव्हा रॅले पाहायची तर लोकांनी नॉटिंगहॅमला येण्यापेक्षा पुण्यातल्या जिन्यांखाली शोधलेली बरी, असे मी इथल्या मित्रांना गमतीने सांगतो. तुमच्या वडिलांच्या सायकलीचे पुढचे दातेरी चक्र जरूर पाहा. मूळचे असेल तर त्यात बगळ्यांच्या माना दिसतील.

परदेशातल्या दोन फेऱ्यांविषयी मला थोडे सांगता येईल. लंडनची ‘ट्वीड रन’ २००९ मध्ये सुरू झाली. तिचा सारा भर पोशाखावर असतो: लोकरी कोट, गुडघ्याखाली बांधलेली विजार, मधे थांबून चहा. ती मजेची आहे आणि तसे ती मोकळेपणाने सांगतेही. इटलीतल्या टस्कनी प्रांतातली ‘लेरोइका’ ही वेगळ्या जातीची. ती १९९७ पासून चालते, आणि तिथे सायकल १९८७ पूर्वीच्या धाटणीची असावी लागते, म्हणजे गिअरचे दांडे तिरप्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलवरून उघड्या गेलेल्या आणि पायडलला पाय अडकवायचे चामडी पट्टे. पण माझ्या मते तिची खरी गोष्ट सायकलींची नाही, रस्त्यांची आहे. टस्कनीतले पांढऱ्या मातीचे जुने कच्चे रस्ते डांबराखाली जाऊ लागले होते, ते वाचावेत या हेतूने ती फेरी उभी राहिली. म्हणून मार्ग ठरवताना ‘या वाटेने पूर्वी सायकलीवर कोण जात होते’ हा प्रश्न आधी विचारा. पोशाखाचे उत्तर त्यातूनच निघेल.

नगरची

पोशाखाबद्दल मला बोलायचे आहे, कारण अशा फेऱ्यांच्या छायाचित्रांत बायका एक तर दिसत नाहीत किंवा झालरीचे झगे घालून टोपलीत फुले ठेवलेल्या दिसतात. आमच्याकडे सायकलवर फुले घेऊन कोणी फिरत नव्हते.

माझी आई जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात परिचारिका होती. रोज तीन गावे, पांढरे पाचवारी पातळ, हँडलला अडकवलेली चामडी पिशवी आणि मधली दांडी नसलेली वाकड्या नळीची लेडीज सायकल. मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी दोऱ्यांची जाळी असे, पातळाचा काठ आऱ्यांत जाऊ नये म्हणून. आणि साखळीला अर्धे नव्हे, पुरे कव्हर. ते कव्हर कुठेतरी ठेचून वाकले की साखळी आतून घासू लागे, आणि आई घरी पोहोचण्याआधी तिचा तो खर्र-खर्र आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येई. पदर खोचून ती सायकलीवर बसायची तेव्हा गावातली पोरे मागे धावत, असे ती सांगायची. महिनाभराने ती धावेनाशी झाली.

मी स्वतः सायकल शिकले ती तासाच्या भाड्याने आणलेल्या पुरुषी सायकलीवर, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत. सीटवर बसले की पाय पोहोचत नसत. फेरीत ‘हाफ पायडल’ची एक शंभर पावलांची गंमत ठेवलीत तर पन्नाशीपुढच्या सगळ्या बायका रांगेत उभ्या राहतील, याची मी खात्री देते.

ज्यांना साडीत चालवायची असेल त्यांनी लेडीज सायकल आणि पुरे कव्हर याशिवाय चालवू नये, आणि आधी दोन-तीन सकाळी सराव करावा. पुरुषांनी धोतर नेसायचे ठरवले तर त्यांनाही हाच नियम. पूर्वीचे लोक पायजम्याला किंवा पँटला घोट्यापाशी पोलादी क्लिप लावत, ती अजून जुन्या दुकानांत मिळते. हेल्मेट मात्र आजचेच घाला. छायाचित्रात ते विजोड दिसेल, दिसू द्या.

दादर टीटी

इतिहासावर बोलण्याच्या भागात मुंबईच्या पारशी सायकलस्वारांना विसरू नये ही विनंती. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा जण निघाले होते. वाटेत तिघे गळाले आणि हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परत पोहोचले. सुमारे ७१,००० किलोमीटर. गिअर नाहीत, आणि इराणच्या वाळवंटात तर बऱ्याच ठिकाणी रस्ताही नाही. ते व्यायामशाळेत वजने उचलणारे तरुण होते, आणि जर्मनीच्या कार्ल फॉन ड्राइसने १८१७ मध्ये मानहाइमला बिनपायडलची लाकडी दुचाकी जमिनीवर पाय मारत चालवली त्याला तेव्हा जेमतेम शंभर वर्षे झाली होती. सायकलीचा इतिहास सांगताना आपण ड्राइसपासून सुरुवात करतो आणि युरोपातच संपवतो, म्हणून हे लिहिले.

दुसरे, सेन-रॅलेचा आसनसोलचा कारखाना सर्वांना आठवतो, पण मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. कोणाकडे ‘हिंद’ असेल तर तिला रांगेत पुढे जागा द्या.

धारवाला

वरचे सर्व वाचले. माहिती उत्तम आहे, पण चर्चा जिन्याखालच्या सायकलींपुरतीच राहिली आहे, म्हणून थोडे खटकणारे लिहितो.

‘चाकाचा आउट’ यांनीच सांगितले की ही सायकल बदललेली नाही. मग तिला जुनी म्हणून मिरवणूक काढताना, जी माणसे आजही रोज तीच चालवतात ती फेरीत कुठे आहेत? आमच्या पेठेत सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे एक गृहस्थ येतात. सायकल स्टँडवर उभी करतात, सीटपुढे पट्ट्यावर चालणारे सहाणेचे चाक बसवलेले आहे, पायडल मारले की ते फिरते. त्यांची सायकल एकाच वेळी वाहन, दुकान आणि यंत्र आहे. दुहेरी दांडीच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवणारे दूधवाले कमी झाले असले तरी संपलेले नाहीत. गोव्यात पोदेर, म्हणजे पाववाला, अजून मागे पावांची टोपली बांधून भोंगा वाजवत दारात येतो. यांच्यापैकी कोणाचीही सायकल चकचकीत नाही आणि कोणत्याही ‘व्हिंटेज’च्या व्याख्येत बसत नाही, इतिहास मात्र तिच्यात जिन्याखालच्या सायकलीपेक्षा अधिक आहे, कारण तो अजून चालू आहे.

मार्गाबाबत ‘नॉटिंगहॅमकर’ यांचा प्रश्न नेमका आहे. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई ते फर्ग्युसन रस्त्यावरच्या विद्यार्थ्यांमुळे थोडेसे, आणि कामगारांमुळे पुष्कळसे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. पाळी सुटण्याच्या वेळी तिथून सायकलींचा लोंढा निघे, आणि त्यापुढे मोटारीला थांबून राहावे लागे. माझे चुलते त्या लोंढ्यात होते. मागे जेवणाचा डबा, खिशात कारखान्याचा पास. घरी आले की आधी सायकल पुसत, मग हात-पाय धूत. शनिवारवाड्याहून वाकडेवाडीमार्गे खडकी ही साधारण सहा-सात किलोमीटरची वाट आहे. दिसायला ती सुंदर नाही आणि त्या रस्त्यावर वाहतूक फार आहे, म्हणून पोलिसांची परवानगी आणि पुढे-मागे स्वयंसेवक लागतील. तरी माझे मत त्याच वाटेला.

वेळ मात्र बदला. तुम्ही सकाळी सातची वेळ ठेवाल, कारण हौशी सायकलस्वारांची ती सवय असते. दूध आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्यांची तीच कामाची वेळ. दहाला निघा. आणि त्यांना बोलावलेत तर प्रदर्शनात उभे केल्यासारखे नको, फेरीत पहिल्या रांगेत घ्या. अर्ध्या दिवसाचे काम बुडते, त्याचे पैसे द्या.

३ जूनबद्दलही एक. २०२० मध्ये ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडून कामगार घरी बसले, तो दिवस नेमका ३ जून होता. त्या तारखेला सायकलीचा उत्सव करायचा असेल तर निदान हे माहीत असून करावा.

चाकाचा आउट

‘धारवाला’ यांच्याशी सहमत, एक तांत्रिक भर घालून. धारेच्या चाकाची सायकल सहा-सात किलोमीटर गर्दीत चालवणे सोपे नाही, पुढचे वजन वळताना ओढते. त्या गृहस्थांना शेवटच्या अंगणात थेट बोलवा आणि सर्वांनी घरून एकेक सुरी आणावी. पैसे देण्याचा प्रश्नही त्यातच सुटेल, आणि कोणाला उपकार केल्यासारखे वाटणार नाही.

पुलापलीकडचा

सर्वांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली. डिसेंबरातला दुसरा रविवार आणि सकाळी दहाची वेळ ठरली; परवानगीचा अर्ज या आठवड्यात देत आहोत. मार्ग खडकीचा, पण परतताना वयस्कर मंडळींच्या सायकली टेम्पोत टाकण्याची सोय ठेवू. वर्षाची अट नाही. सळईचे ब्रेक असलेली, किंवा जिच्यावर कोणाचे पोट चालते अशी कोणतीही सायकल चालेल. पोशाख ज्याच्या-त्याच्या घरातल्या जुन्या माणसांसारखा. लोकरी कोटाचा आग्रह धरणाऱ्या सभासदांनी काल स्वतःच आजोबांची काळी टोपी शोधून ठेवल्याचे कळवले आहे. सुऱ्या आणायची कल्पना सर्वांना पसंत पडली. ‘हाफ पायडल’साठी आत्ताच सात नावे आली आहेत. प्रत्येक सायकलीला एक पुठ्ठा बांधायचा आणि त्यावर मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचे: ही कोण चालवत असे, कुठे जात असे, मागे काय बांधलेले असे.

माझा पुठ्ठा लिहायला बसलो आणि अडलो. वडील नेहमी सांगत की सायकल त्यांनी पहिल्या नोकरीच्या पैशांतून १९५३ साली घेतली. सांगितल्याप्रमाणे हब रॉकेलने पुसला, तर त्यावर ५४ आणि ३ असे आकडे स्वच्छ वाचता आले. हब बदलला असेल म्हणून अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याला फोन केला. ती बराच वेळ हसत होती. पहिली सायकल सहा महिन्यांतच नाटकाच्या थिएटराबाहेरून चोरीला गेली होती. आजोबांनी ती घेऊ नको म्हणून बजावले असताना वडिलांनी घेतली होती, त्यामुळे चोरीची गोष्ट घरात सांगायची सोय नव्हती. त्यांनी आत्याकडून आणि दोन मित्रांकडून उसने पैसे घेऊन तशीच दुसरी आणली, आणि ती नवी दिसू नये म्हणून पहिल्याच दिवशी मडगार्डला चिखल फासला. आत्याचे त्यातले पंधरा रुपये अजून यायचे आहेत, असे ती म्हणाली.

पुठ्ठ्यावर मार्च १९५४ लिहिले आहे. कार्बाइडचा चालू स्थितीतला दिवा कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. वरच्या टाकीतले पाणी थेंबाथेंबाने खाली कसे पडते आणि ज्योत कशी लागते, हे अंगणात मुलांना दाखवायचे आहे.